मशीनची हरवलेली मापं

मैत्रेयी भालेराव जुन्या मशीनला नवा कॉम्प्युटर बसवायचं, म्हणजे रेट्रोफिटचं, काम एकटीने पहिल्यांदाच करत होती. आजवर ती कंपनीच्या सीनियर माणसाबरोबर जायची. तो सांगेल ते उघडायचं, तो सांगेल ते बसवायचं. या वेळी साहेबांनी तिला सांगितलं, "अंबरनाथचं रेट्रोफिट तूच कर. तुला घराजवळ पडेल." ती बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहते, म्हणजे जवळ खरंच होतं.

आनंदनगर एमआयडीसीत धर्मेश शेठचा कारखाना आहे. शेठ उल्हासनगरचे, कॅम्प तीनचे. कारखान्यात पंपांचे स्टीलचे भाग बनतात. चार मशिनं आहेत, पण सगळ्यात अवघड काम कोपऱ्यातल्या व्हीएमसी मशीनवर पडतं. प्रोग्राम दिला की ते स्वतःच टूल बदलतं, भोकं पाडतं, कडा कापतं. बावीस वर्षांचं मशीन. बिडाचा सांगाडा आणि सरकणाऱ्या स्लाइड अजून ठणठणीत होत्या, पण कंट्रोल, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, म्हातारा झाला होता. स्क्रीन मध्येच काळी पडायची. तो काढून नवा बसवायचा, असं ठरलं होतं.

पहिल्या दिवसापासून या मशीनवर एकच ऑपरेटर होते, शिवरामकाका. पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी. मैत्रेयी आली तेव्हा त्यांनी मशीन पुसून ठेवलं होतं आणि ते बाजूला स्टुलावर बसून राहिले होते.

जुन्या कंट्रोलच्या मेमरीत मशीनची सगळी मापं असतात. कुठला स्क्रू एका फेऱ्यात किती सरकतो, टूल कुठल्या उंचीवर बदलतं, कुठे थांबायचं. नव्या कंट्रोलला ती जशीच्या तशी द्यावी लागतात. ही मेमरी एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहते, आणि त्या बॅटरीचा इशारा स्क्रीनवर लुकलुकत होता. मैत्रेयीला वाटलं, आधी बॅटरी बदलू, मग निवांत सगळं उतरवून घेऊ. मशीन चालू असताना बॅटरी काढली तर काही बिघडत नाही. तिने बॅटरी काढली, आणि नेमकं त्याच वेळी शेजारच्या गाळ्यात कुणीतरी वेल्डिंग सुरू केलं. दोन्ही गाळ्यांचा मेन स्विच पडला आणि लाइट गेली.

लाइट परत आली तेव्हा स्क्रीनवर नुसते आकडे होते, आणि सगळे शून्य.

पॅनलच्या दारावर मापांचा छापील कागद चिकटवलेला असतो, तो मैत्रेयीने शोधला. "पुराच्या वर्षी पाणी शिरलं त्यात गेला तो," शिवरामकाका मागून म्हणाले. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती.

तेवढ्यात धर्मेश शेठ केबिनमधून बाहेर आले. "क्या हुआ मॅडम? लाइट गेली म्हणून काही झालं का?"

शेठनीच वाट काढून दिली होती. लाइट गेली, मेमरी गेली, एवढं म्हटलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. मैत्रेयी शेठकडे वळली.

"शेठ, लाइट गेली हे खरं आहे. पण मी आधी बॅकअप घ्यायला हवा होता. तो न घेता बॅटरी काढली. चूक माझी आहे. मशीनची सगळी मापं पुसली गेली."

शेठनी स्क्रीनकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात माल द्यायचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "तुमच्या कंपनीला फोन लावा. दुसरा माणूस पाठवायला सांगा. सीनियर."

मैत्रेयीने फोन हातात घेतला. तेव्हा शिवरामकाका स्टुलावरून उठले.

"शेठ, दुसरा माणूस आला तरी त्यालाही शून्यच दिसणार. हिलाच राहू द्या. मापं मेमरीतून गेलीत, मशीनमधून नाही गेली. मी आहे ना."

शेठनी त्यांच्याकडे पाहिलं. शिवरामकाकांना आपणहून एवढं बोलताना त्यांनीही कधी ऐकलं नसावं. "सोमवारपर्यंत," म्हणाले आणि आत गेले.

मंगळवार चालू होता.

त्या दुपारी त्यांनी जुना कंट्रोल उतरवला. बुधवारी नवा बसवला, वायरिंग पुरं केलं. गुरुवारपासून मापं शोधायची होती. मैत्रेयीने मशीनच्या टेबलाला डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं मोजणारं घड्याळासारखं माप, लावलं. ती मोटर एक फेरा फिरवायची, टेबल किती सरकलं ते काका वाचायचे, ती लिहायची. पुन्हा एक फेरा, पुन्हा वाचन. एक्स, वाय, झेड तिन्ही बाजूंनी. स्क्रूमधली ढिलाई किती हे काकांनी आधीच सांगून टाकलं, "एक्सला तीस मायक्रॉन असेल. उजवीकडून परत येताना मला नेहमी तेवढं धरावं लागायचं." गेजवर अठ्ठावीस आलं.

मैत्रेयीने आकडा लिहिला आणि पुढच्या बाजूचा आधी त्यांनाच विचारला.

सगळ्यात नाजूक काम टूल बदलण्याचं होतं. स्पिंडल, म्हणजे टूल धरून फिरणारा भाग, बरोबर उंचीवर आणि बरोबर कोनात थांबला नाही, तर टूल बदलणारा हात त्यावर आदळतो. काकांनी झेडच्या, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या भागाच्या, पत्र्यावर बोट ठेवलं. बावीस वर्षांत तिथे तेलाची एक काळी रेघ उमटली होती. "टूल बदलताना पत्रा इथवर यायचा." तिथून सुरुवात झाली. मैत्रेयी एकेक मिलिमीटर खाली आणायची, काका टॉर्च धरून वाकून बघायचे आणि ऐकायचे.

"थांब. घासतंय. थोडा फिरव. अजून. आता वर."

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही खट्ट आवाज आला आणि मैत्रेयीने घाबरून लाल बटण दाबलं. काका शांतपणे म्हणाले, "काही नाही झालं. पाणी पी, मग करू." चौथ्यांदा टूल आवाज न करता आत गेलं.

शुक्रवार एमआयडीसीचा सुट्टीचा दिवस. तरी दोघं आले. डबा खाताना मैत्रेयीने विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्ही मध्ये पडला नसता, तर साहेबांनी मला परत एकटीला कधी पाठवलं नसतं. का केलंत?"

काकांनी घास संपवला. "वीस-बावीस वर्षं या मशीनवर सर्व्हिसची माणसं येतायत. काहीही बिघडलं की सगळ्यांचं एकच, ऑपरेटरने काहीतरी केलं असेल. शेठसमोर, माझ्यासमोर. तू पहिलीच, जी म्हणाली मी केलं." मग म्हणाले, "आणि मला नवीन कंट्रोलची भीती वाटतेय. तू गेलीस तर मला कोण शिकवणार?"

मैत्रेयीने डबा बाजूला ठेवला आणि तिथल्या तिथे सुरुवात केली. नव्या स्क्रीनवर सगळं इंग्रजीत होतं. तिने प्रत्येक बटणाखाली मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातला फरक, कुठे भरायचा, प्रोग्राम कसा बोलवायचा, अलार्म आला तर आधी काय बघायचं. काका एकदा करून दाखवायचे, मग पुसून पुन्हा. तीनदा चुकले, तीनदा तिने तेच परत सांगितलं. काकांनीही तिच्यावर आवाज चढवला नव्हता.

शनिवारी दुपारी पहिला पंपाचा भाग निघाला. काकांनीच प्रोग्राम चालवला. शेठ भोकाचं माप घेणारा बोअर गेज घेऊन आले, स्वतः मोजलं, चष्मा लावून पुन्हा मोजलं. "बरोबर आहे," म्हणाले. मग मैत्रेयीकडे वळून, "त्या दिवशी मी दुसरा माणूस मागितला. मनात ठेवू नका."

"नाही शेठ. थँक्यू, मला राहू दिलंत."

"मला नको, इनको बोलो," शेठ काकांकडे हात करून म्हणाले.

कंपनीच्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये काम कोणी केलं असा एक रकाना असतो. मैत्रेयीने तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, शिवराम गणपत म्हसकर, मापं काढली. त्याच्या वरच्या रकान्यात, बिघाड कशामुळे, तिथे बॅकअप न घेतल्याचंही लिहिलं. शेठनी वाचून सही केली. काकांनी कागद हातात घेतला, आपलं नाव वाचलं आणि विचारलं, "याची एक झेरॉक्स मिळेल?"

सोमवारी साहेबांनी रिपोर्ट वाचला. चूक वाचून ते थोडे रागावले, मग म्हणाले, "पुढचं पण तूच जा. आधी बॅकअप."

दोन रविवारांनंतर मैत्रेयी बदलापूर पूर्वेला, शिरगावात काकांकडे जेवायला गेली. काकांच्या बायकोने, संजीवनीकाकूंनी, फोन करून बोलावलं होतं. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ होती. काकू वाढताना म्हणाल्या, "हल्ली कामावरून येतात ते हसत येतात. तुझंच नाव काढतात."

"उलट आहे काकू," मैत्रेयी म्हणाली. "माझं काम यांनी वाचवलं."

जेवण झाल्यावर काकांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर नव्या कंट्रोलचे चार प्रश्न लिहिलेले होते, क्रमाने. ओट्यावर बसून दोघांनी ते एकेक करून सोडवले.