सात पूर्णांक दोन

उजव्या हातमोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं आणि त्यातून दिसणारी रुपयाएवढी कातडी काळवंडली होती… बाकी सगळा हात गोरापान, जपलेला. सकाळची शाळा सुटल्यावर जालना रोडच्या कडेला स्कूटी लावून मृण्मयी त्या ठिपक्याकडे बघत होती. दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर रिपोर्ट. ड जीवनसत्त्व : सात पूर्णांक दोन. तीसच्या वर हवं, असं शेजारी छापलं होतं.

आणि तिला आनंद झाला होता. उघड, निर्लज्ज आनंद — वर्गात पहिली आल्यासारखा.

दोन वर्षं मांड्या, नडग्या, कंबर — खाली बसलं की उठताना हाडातून येणारी ती कळ… तिचा नवरा हिमांशू म्हणायचा, एक्स-रे नॉर्मल आहे, मग? सासूबाई त्याच्याही पुढे. "मनाचे खेळ असतात गं. कामात असलं की काही दुखत नाय." हळूहळू तिलाही तसंच वाटू लागलं होतं, आणि दुखण्यापेक्षा ते वाईट होतं — आपण ढोंग करतोय का, असं रोज स्वतःलाच विचारणं. नाही. मी ढोंग करत नव्हते. सात पूर्णांक दोन.

गंमत म्हणजे चौदा वर्षं हा धडा तीच शिकवत होती. फळ्यावर बाण काढून : ऊन कातडीवर पडतं, तिथं कच्चं जीवनसत्त्व तयार होतं, ते यकृतात जातं, तिथून मूत्रपिंडात, तिथं ते कामाचं होतं, मग आतडं जेवणातलं कॅल्शियम उचलतं आणि हाडांना मिळतं. मुलांना पाठ, बाईंना पाठ. आणि हे शिकवून बाई स्टोल, गॉगल, सनकोट, हातमोजे चढवून चिकलठाण्याहून उस्मानपुऱ्यापर्यंत, एप्रिलच्या भर उन्हातून, उन्हाचा टिपूसही अंगाला लागू न देता घरी जायच्या. शहरातल्या निम्म्या बायका तशाच जातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला हसू फुटलं. यकृत, मूत्रपिंडं, सगळे कामगार पाळीवर हजर आणि कच्च्या मालाचा पत्ता नाही… कॅल्शियम शेवटी हाडांतूनच काढलं जात होतं. दुखणार नाही तर काय.

तिनं हातमोजे काढले, स्टोल काढला, बाह्या कोपरावर सारल्या. सावली पायाशी गोळा झाली होती, म्हणजे हीच खरी वेळ. हातांना चटका बसू लागला आणि तिला वाटलं, आत्ता, या क्षणी, कातडीत काहीतरी सुरू झालंय…

रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती. "आई, मनाचा खेळ रक्तात दिसतो का?" नाही, फार टोचेल. टोचू दे. हिमांशूला नुसता फोटो पाठवायचा, शब्द एकही नाही. जिना चढताना नडगीत कळ आली आणि तिनं त्या कळेला जवळजवळ शाबासकी दिली.

सासूबाई, अनसूयाबाई, पंख्याखाली गवार मोडत बसल्या होत्या.

"एवढी कशाला हसायलीस? तोंड बघ किती लाल झालंय."

"माझा रिपोर्ट आला, आई. उन्हानं अंगात तयार होतं ते माझ्यात नाहीच. म्हणून हाडं दुखतात." आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला.

अनसूयाबाईंनी चष्मा लावून आकडा वाचला. पुन्हा वाचला. मोबाइल परत दिला नाही.

"हे मोजता येतं?"

"येतं. रक्तातून."

"हिमांशू पोटात होता तेव्हापासून माझं इथं दुखतंय," नडगीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना एकदा सांगितलं होतं. नखरे म्हणाले. मग कुणाला सांगितलंच नाही." आणि वर न बघता, "माझंही मोजतील का गं?"

जुळवलेली सगळी वाक्यं मृण्मयीच्या जिभेवर तशीच होती. चाळीस वर्षं… आणि ही बाई मला सांगत होती, कामात असलं की दुखत नाही.

"मोजतील," ती म्हणाली आणि त्यांच्याशेजारी खाली बसली. राग होताच, अजून चांगला तापलेला — पण समोरच्या बाईवर टाकायला गेलं की हात मागं येत होता. तिनं गवारीची एक मूठ पुढ्यात ओढली आणि मोडायला लागली.