सत्यशीलाबाईंच्या पोटातली रक्तवाहिनी

मी एक जुनी रक्तवाहिनी आहे. वय बत्तीस, पण अवस्था शंभरीची. भोकरदनजवळच्या एका खेड्यात सत्यशीलाबाई शिक्षिका आहेत. त्यांच्या मोठ्या आतड्याला रक्त पोचवायचं, हे माझं काम. मित्रांनो, मला कधी कुणी शाबास म्हटलं नाही. बाईंचं पोट दुखत नव्हतं, तीच शाबासकी.

सहा वर्षांपूर्वी, १९७४ साली, आतड्याला सूज आली. मी फुगून दुप्पट रक्त दिलं. वाटलं, भरभरून दिलं की बरं होईल. कशाचं काय! सूज राहिली ती राहिलीच. उलट माझ्याच भिंती जाड झाल्या, आतली वाट बारीक झाली. रक्त कमी पडलं की जखम भरत नाही, जखम भरली नाही की सूज हटत नाही. मी करणार तरी काय?

बाईंना दिवसातून सात-आठदा शौचावाटे रक्त पडायचं. शाळेला संडास नव्हता. म्हणून त्यांनी उपाय काढला, शाळा सुटेपर्यंत पाणीच प्यायचं नाही. अहो, अंगात पाणी नसेल तर माझ्याकडे रक्त वाहणार कसं? कळ उठायची आणि बाई ओठ दाबून पोरांचे पाढे घ्यायच्या. मला इतका राग यायचा, पण सांगू कुणाला?

सासूबाई, गिरिजाबाई, फार मायाळू. "वाटी सरकली असंल," म्हणून, सरकलेली बेंबी जागेवर यावी यासाठी, रोज तिच्याभोवती तेल लावून चोळायच्या. प्रत्येक दाबाला मी चेपले जायचे.

"रक्त पडून राह्यलं का गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"न्हाई आत्याबाई. गरमी झाली जराशी."

साफ खोटं. पण गिरिजाबाईंना ते पटलं आणि त्या परत चोळू लागल्या.

परवा बाई फळ्यापाशीच कोसळल्या. आज औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आतड्याचा एक तुकडा रक्तावाचून मेलाय. तो उद्या काढू. उशीर फार केला तुम्ही, जगतील असं आज सांगता येत नाही."

गिरिजाबाई खाटेजवळ खाली बसल्या. "मी आपली चोळत बसले गं," एवढंच म्हणाल्या.

तो तुकडा माझाच. उद्या त्याच्याबरोबर मीही जाईन. आता बाईंना सलाइन लावलंय. शेजारच्या वाहिन्या भरून वाहतात. माझ्यापर्यंत रक्त येतं आणि माझ्यात अडकलेल्या गुठळीपाशी थांबतं.

मित्रांनो, घरातलं कुणी कळ सोसत "काही न्हाई" म्हणालं, तर एकदा विचारून थांबू नका.