रूपालीच्या साडीचा वास

ट्रंकेची कडी खट्ट वाजली. दुपारच्या सुनसान घरात तो आवाज केवढा मोठा वाटला! माझी लेक श्रुतिका गोधडीत या कुशीवरून त्या कुशीवर वळली, पण उठली नाही. ओटीवर सासूबाईंचा डोळा लागला होता. त्या मात्र उठल्याच.

"समीक्षा, काय काढतेस गो?"

"गौरीची साडी बघते, आई."

खोटं नव्हतं ते. कुठली साडी, तेवढं सांगितलं नाही. तळातून मी प्लास्टिकची पिशवी ओढली, गाठ सोडली आणि तोंडच फिरवलं. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. त्यात डांबरगोळ्यांचा, त्यात चुलीच्या धुराचा. आत रूपालीची हिरवी सुती साडी होती.

रूपाली माझी नणंद. आमच्या घरात तेरड्याच्या गौरीला कोरी साडी नेसवत नाहीत, घरच्या लेकीने नेसलेली नेसवतात. साडी गौरीच्या अंगावर चढली की लेक माहेरी आली, असं सासूबाईच मला लग्नानंतर कौतुकाने सांगायच्या. पुढे रूपालीने मुंबईत आपल्या मनाने शुभमशी लग्न केलं. त्या पावसाळ्यात सासूबाईंनी तिची साडी चुलीवरच्या वळणीवरून अर्धी ओली ओढली, पिशवीत कोंबली आणि गाठ मारली. तेव्हापासून गौर बाजारातली साडी नेसते आणि रूपालीचं नाव घरात निघत नाही.

यंदा मला ते नाव घरात परत आणायचं होतं. रूपालीला दिवस गेलेत. फोनवर ती हसत बोलते आणि फोन ठेवताना हळूच विचारते, "आये बरी हाय ना गो, वहिनी?" पहिल्या वेळेला आई लागते. मला माहीत आहे, मला लागली होती.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "ती कशाला काढलीस?"

"यंदा गौरीला हीच नेसवूया."

त्यांनी साडीचं टोक नाकाशी नेलं आणि टाकून दिलं. "ह्या असल्या वासात गौर बसवतेस? बायका सुपं घेऊन येतील गौर पुजायला, ववशाला, नाकाला पदर लावून उभ्या ऱ्हातील."

"वास घालवते मी."

"जाईल तर नेसव. नाय तर घाल चुलीत."

त्यांची खात्री होती, वास जायचा नाही. माझीही खात्री नव्हती, पण ते त्यांना कशाला सांगू?

श्रुतिका उठायच्या आत मी पाणी तापवलं आणि सुगंधी पावडर सढळ हाताने घातली. साडी धुऊन ओटीवर टाकली तेव्हा गुलाबाचा घमघमाट. संध्याकाळपर्यंत गुलाब उडाला आणि कुबटपणा होता तिथेच. महाडच्या एमआयडीसीतून पहिली पाळी करून माझा नवरा सुहास आला, त्याने बूट काढता काढता नाक वर केलं.

"गुलाबाच्या ताटव्यात म्हैस बसलीय काय गो?"

"हसू नका."

"अगं, महाडातून नवी आणतो की."

"नवी नकोय मला. ही कुणाची आहे ते बघा तरी."

त्याने बघितलं. बहीण त्याचीच.

वास वासाने झाकत नाही, हे मला खरं तर कळायला हवं होतं. सुहासचे कामावरचे कपडे मी रोज धुते. त्यांच्यासाठी पोलादपूरच्या दुकानातून आणलेली व्हिनेगरची बाटली फळीवर होतीच. दुसऱ्या दिवशी श्रुतिकाला अंगणवाडीत सोडलं आणि पदराच्या आतल्या कोपऱ्यावर थेंबभर लावून बघितलं. रंग हलला नाही. मग बादलीभर गार पाण्यात वाटीभर व्हिनेगर घालून साडी बुडवली. भांडी होईस्तोवर भिजू दिली. स्वच्छ पाण्याने खळबळली आणि दुसऱ्या पाण्यात मूठभर खायचा सोडा घालून पुन्हा भिजवली. दोन्ही एकदम घालायचं नाही. नुसता फसफसून फेस येतो आणि दोघांतलं कुणीच काम करत नाही. आम्हा सासू-सुनेसारखं.

आता खरी गोष्ट वाळवायची. दोऱ्याइतकी ओल राहिली तरी वास परत येतो. चुलीवरच्या वळणीवर टाकायची नव्हती, धूर तिथलाच लागला होता. मधल्या घरात दोरी बांधून पंखा सोडला. घटकाभर फिरला आणि लाईट गेली. बाहेर पाऊस. मला रडूच यायचं बाकी होतं. पण मी दोरी सोडली आणि पडवीत वाऱ्याच्या तोंडाशी आडवी बांधली. साडी एकपदरी पसरली. वारा आला की ती फुगायची, मी मागे मागे धावायची, चिमटे लावायची.

"पदर खाली लोंबतोय, चिखल लागंल," सासूबाई ओटीवरून म्हणाल्या.

"मला दोनच हात आहेत, आई."

"दोन हायत म्हनून एवढं करतेस, चार असते तर घरच उलटं केलं असतंस!"

असं म्हणत त्या उठल्या आणि पदर धरून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. मी श्रुतिकाला आणायला गेले, परत आले, तर साडीची बाजू उलटलेली होती. मी उलटली नव्हती.

गौरीच्या दिवशी सकाळी इस्त्री फिरवलेली साडी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पदर हुंगला. मग मधला भाग. मग घडी मोडून निऱ्यांकडची बाजू.

"नाय येत," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा साडी तोंडाशी धरली आणि तशीच धरून ठेवली. "टाचन्या कुठं ठेवल्यास गो?"

तेरड्याच्या जुडीला मुखवटा लावला, आणि निऱ्या त्यांनी स्वतः घातल्या, मला हात लावू दिला नाही. पदर खांद्यावर नीट बसेपर्यंत तीनदा काढला, तीनदा लावला. रूपालीचं नाव घेतलं नाही. मीही घाई केली नाही. फक्त फोनमध्ये गौरीचा फोटो काढला आणि रूपालीला पाठवला.

श्रुतिका पाटासमोर मांडी घालून हे सगळं बघत होती. साडी कुणाची, ते तिने सकाळी इस्त्री करतानाच मला विचारून घेतलं होतं.

"आजी, ही आपल्या घरची लेक ना?"

"व्हय गो माझ्या बाय."

"मग तिनं आत्याची साडी का नेसलीय?"

सासूबाईंचा हात टाचणीवर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून श्रुतिकाही माझ्याकडे वळली.

"मम्मी, गौरीला आपण वाजवत आणलं. आत्याला आणायला कोण जाणार?"