गस हॅलवर्सनची उलटी रायफल

त्या वर्षी मे महिना उजाडेपर्यंत मी रायफलीवर बसवायच्या दोन दुर्बिणी दुकानात परत केल्या होत्या. दोन्हींच्या काचा धुरकट होत्या. दुकानदार ऑर्विल काच उजेडाकडे धरून म्हणाला, "बर्निसबाई, स्वच्छ आहे की."

"मग तुझं दुकान धुरकट असेल," मी म्हणाले.

त्याने दुसरी दिली. तीही तसलीच. हल्ली कुणी वस्तू मन लावून बनवतच नाही.

आमच्या कुरणात, म्हणजे खालच्या ओढ्यालगतच्या लसूणघासाच्या तुकड्यात, गोफर माजले होते. खारीएवढा प्राणी, पण जमिनीची चाळण करतो. गेल्या हंगामात माझ्या तांबूस घोडीचा पाय बिळात गेला आणि मोडला. तिला गोळी मीच घातली, दुसऱ्या कुणाला घालू दिली नाही. तेव्हापासून माझा मुलगा लायल एकच धोशा लावून बसला होता, "आई, विष टाकू. एका आठवड्यात सगळं साफ."

विष म्हणजे विषात भिजवलेले ओटचे दाणे. तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याने टाकले होते. मेलेला गोफर आमच्या पेग कुत्रीने खाल्ला आणि माझ्या पायांशी तडफडून मेली. ससाणे मेले, बिळं उकरून गोफर खाणारा बिज्जू मेला, आणि पुढच्या वर्षी गोफर दुप्पट झाले, कारण त्यांना खाणारंच कुणी उरलं नाही. हे मी लायलला शंभरदा सांगितलं. पण तो दोन वर्षं शेतकी कॉलेजात बसून आलेला, आणि मी सहावीत शाळा सोडलेली. माझं ऐकतो कशाला?

"विष माझ्या कुरणात पडणार नाही," मी म्हणाले. "मी मारते आहे ना."

"मारतेस?" तो म्हणाला. "ती रांग बघितली मी."

रांगेचं सांगायला हवं. माझा नवरा आयनार होता तेव्हापासून आमच्या घरात ही रीत. पिकअपच्या बॉनेटवर वाळूच्या पिशव्या ठेवून नेम धरायचा, एका गोफराला एक काडतूस. लागलं तर काडतुसाची रिकामी पितळी नळी बॉनेटवर उभी ठेवायची, चुकलं तर आडवी. संध्याकाळी घरातला कुणीही येऊन रांग बघतो. तिथे खोटं बोलता येत नाही. पूर्वी माझ्या रांगेत विसातली एखादी आडवी असायची. त्या वसंतात बॉनेटवर जणू झोपाळूंचा मेळा भरला होता. खरं सांगायचं तर काही आडव्या नळ्या मी ॲप्रनच्या खिशात टाकल्या. कपडे धुताना सूनबाईला सापडल्या. ती बोलली नाही, नुसत्या टेबलावर मांडून ठेवल्या. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी लायल म्हणाला, "ठीक आहे. रविवारी दोनशे वारांवर पाच डबे ठेवतो. पाच काडतुसं, पाच डबे. उडवलेस तर विषाचं पोतं परत करतो. नाही तर सोमवारी टाकतो."

पोतं कोठारात येऊनही पडलं होतं. मला न विचारता.

दोष रायफलीचा, याबद्दल मला शंका नव्हती. जुनी रायफल मॅगझिनवाली, म्हणजे पोटात एकदम पाच काडतुसं भरायची, तीस वर्षांची, तोफेसारखी वापरून बंदुकीची नळी झिजली असणार. मी ठरवलं, एकबारी घ्यायची. बाजूचा बोल्ट, म्हणजे खटक्याचा दांडा, मागे ओढा, एक काडतूस हाताने ठेवा, बोल्ट पुढे सारा. पोटात मॅगझिनसाठी भोक नाही, त्यामुळे सांगाडा भक्कम आणि नेम पक्का. शिवाय मॅगझिन माणसाला उधळं करतं. हा चुकला तर पुढचा आहेच, असं वाटतं. एकच काडतूस असलं की माणूस विचार करून चाप ओढतो.

शुक्रवारी चाळीस मैल गाडी हाकून मी ऑर्विलकडे गेले. वाटेत एका दुधाच्या टँकरवाल्याने उगाच भोंगा वाजवला. रस्ता काय त्याच्या बापाचा होता?

ऑर्विलने चार रायफली काढल्या. पहिलीचा दस्ता प्लास्टिकचा. "हा काय, टिफिनचा डबा?" मी म्हणाले. दुसरीची नळी इतकी जाड की उचलायला गडी लागावा.

"बाई, जड नळी तापत नाही. दिवसभर गोफर मारायला हीच."

"मला मारायचेत गोफर. कुंपणाचा खांब रोवायचा नाही."

तिसरीचा चाप गंजलेल्या फाटकासारखा. चौथी मला आवडली. अक्रोडाचा दस्ता, हलका चाप, लोण्यातून सुरी जावी तसा बोल्ट. दुकानामागे ऑर्विलचा नेमबाजीचा शंभर वारांचा पट्टा आहे, तिथल्या बाकावर बसले, पिशव्या नीट केल्या, श्वास अर्धा सोडला आणि पाच बार काढले.

ऑर्विल निशाणाचा कागद घेऊन आला. पाच भोकं पाच गावांना गेली होती.

"हिचीही दुर्बीण धुरकट आहे," मी म्हणाले.

त्याने स्वतः बसून तीन बार काढले. तिन्ही भोकं एका बटणाखाली झाकली गेली असती. मला इतका राग आला की रायफल बाकावरच सोडून मी आत आले.

"दुसरी दाखव."

"एकबारी आता एकच उरली. पण ती तुम्ही घ्यायच्या नाहीत."

"मी काय घेणार ते तू कोण ठरवणार?"

त्याने कोपऱ्यातून काढली आणि मी लांबूनच ओळखली. गस हॅलवर्सनची! नेमबाजी क्लबाच्या वसंतातल्या स्पर्धेत हा माणूस अकरा वर्षं माझ्या पुढे होता. डावखुरा. बोल्ट डावीकडे. मी त्याला जन्मभर 'उलटा गस' म्हणून चिडवलं आणि तो जन्मभर हसत मला हरवत राहिला. हिवाळ्यात गेला. बायकोने रायफल विकायला ठेवली होती.

"उलट्याची उलटी रायफल," मी म्हणाले आणि नुसती टिंगल म्हणून खांद्याला लावली.

"बाई, ती डाव्या खांद्याला लावायची असते."

"माहीत आहे रे!"

डाव्या खांद्याला लावली. मागच्या दारातून दुर्बिणीत बघितलं. पट्ट्याच्या टोकाला कागद होता, कागदावर काळी वर्तुळं होती, मधल्या वर्तुळावर एक माशी बसली होती आणि तिचे पंख मला दिसत होते.

मी रायफल खाली केली. डावा डोळा झाकून पाहिलं. ऑर्विल धुक्यात उभा होता. उजवा झाकला. ऑर्विलच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं होतं.

दोन चांगल्या दुर्बिणी मी परत केल्या होत्या. वर त्याला बोलही लावले होते.

ऑर्विलने कॉफी ओतली. "केव्हापासून?" त्याने विचारलं.

"काय केव्हापासून?"

"काही नाही," तो म्हणाला. "साखर?"

गसची रायफल मी घेतली. परत येताना गाडी इतकी हळू हाकली की मागचे सगळे भोंगे वाजवत होते. या वेळी मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत.

शनिवार सगळा सवय मोडण्यात गेला. प्रत्येक बारानंतर माझा उजवा हात बोल्ट शोधायला जायचा आणि गुळगुळीत लाकडावर आपटायचा. साठ वर्षांची सवय. गसला मी कबरीत ऐकू जातील अशा शिव्या घातल्या. दुपारपर्यंत खांदा सुजला, संध्याकाळी चार नळ्या ओळीने उभ्या राहिल्या.

रविवारी चर्चमधून आल्यावर लायलने डबे मांडले. मी बॉनेटशी बसले. पहिला उडाला. दुसरा. तिसऱ्याला उजवा हात पुन्हा चुकीच्या बाजूला गेला, मी तो मांडीखाली दाबून बसले आणि डाव्याने काडतूस भरलं. तिसरा उडाला, चौथा उडाला. पाचव्याला वारा आला. मी थांबले. लायल पाय आपटत होता.

"आई, झोपलीस का?"

"गप बस. गवत हलायचं थांबू दे."

गवत थांबलं. पाचवा डबा उडून बांधापलीकडे गेला. मी पाचवी नळी उभी केली.

लायलने आधी रांगेकडे बघितलं. मग रायफलीकडे.

"आई, बोल्ट डावीकडे आहे."

"दिसतंय मला."

"कुठल्या डोळ्याने?"

कॉलेजात पोरं काही ना काही शिकतातच म्हणायची. त्याने हात पुढे केला, तळवा वर. काय मागतोय ते कळायला मला डोळे लागत नव्हते.

"आधी पोतं गाडीत टाक," मी म्हणाले. "गाडीच्या किल्ल्या स्वयंपाकघरात खुंटीवर आहेत. शुक्रवारीच टांगल्यात मी. तू मागितल्यास म्हणून नाही."

सोमवारी पोतं परत करायला लायलने माझी पिकअप हाकली. आयनार होता तेव्हाही गाडी मीच चालवायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्या दुसऱ्या बाजूला बसले, गसची रायफल गुडघ्यांत धरून. वळणावर तो इतका जोरात गेला की पोतं मागे घसरलं.

"हळू!" मी ओरडले. "आंधळा आहेस का?"