दोन्ही हात मागे

लेक रांगायला लागली त्या दिवशीच तिच्या आईने घरातल्या झाडून साऱ्या प्लगवर चिकटपट्टी लावली. "आता तेवढं माझं तोंड राहिलंय," नवरा म्हणाला. "पट्टी उरली तर बघते," ती म्हणाली.

पण लेकीच्या खाटेशेजारचा प्लग पट्टीने भागणारा नव्हता. तो भिंतीतून सुटून डुगडुगत होता आणि एका कडेला काळा पडला होता. वायरमनला बोलवू या, असं ती सकाळी चहाच्या वेळी म्हणाली, आणि सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"घरात लाइनमन बसलेला असताना वायरमन बोलवायचा?"

अडतीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस. महिन्यापूर्वी ते कायमचे राहायला आले, तेव्हा कपड्यांच्या बॅगेपेक्षा हत्यारांची पिशवी जड होती. आता कप ठेवताना बशीत चहा सांडला. हल्ली रोजच सांडायचा. तिने ते पाहिलं, तिने पाहिलेलं त्यांनी पाहिलं, आणि मग दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

नातीलाही ते कधी उचलून घेत नसत. "माझे हात म्हणजे पॉलिश पेपर," म्हणायचे, "टोचतील पोरीला." आणि लांबूनच भुवया नाचवून तिला हसवायचे.

कामावर निघालेल्या नवऱ्याला तिने दारातच गाठलं. "तू सांग ना बाबांना."

"मी सांगितलं तर मुलगा फार शहाणा झाला असं होईल. तू सांग. तुझं ऐकतात ते."

"ऐकतात म्हणूनच सांगवत नाही."

दुपारी लेक हॉलमधल्या गादीवर झोपली. बाबांनी पिशवी उघडली, पॅसेजमधल्या बोर्डावरचा मेन स्विच खाली केला आणि त्याच्याकडे नापसंतीने पाहिलं.

"आमच्या वेळी फ्यूज काढायचा आणि खिशात घालायचा. ज्याचा हात तारेत, त्याच्याच खिशात फ्यूज. हा खटका खिशात घालता येतो का? कुणीही येऊन वर करील."

"घरात आहेच कोण, बाबा?"

"सगळे असंच म्हणतात. तू इथे उभी राहा. आजपासून माझा खिसा तू."

ती हसली आणि बोर्डाखाली उभी राहिली. सांगायचं ते आताही सांगता आलं असतं. बाबा गुडघे धरत खाटेपाशी खाली बसले. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन नेमकं त्या भिंतीवर आलं होतं. त्यांनी डोळे बारीक करून प्लगमध्ये टेस्टर घातला. "नाही," स्वतःशीच म्हणाले आणि स्क्रू सोडवायला घेतले. पहिला स्क्रू बोटांतून निसटून खाटेखाली गेला. दुसराही गेला. ती त्या थरथरणाऱ्या बोटांकडे इतकी टक लावून बघत होती की दुसरं काही तिला दिसतच नव्हतं. प्लग बाहेर आला. मागे तीन तारा लोंबत होत्या, एकीचं टोक जळून उघडं पडलेलं.

हॉलमध्ये लेक झोपेत कुरकुरली, म्हणून तिने मान वळवली. लेक कूस बदलून पुन्हा झोपली होती. कपाटावर इंटरनेटच्या डबीतला हिरवा दिवा मात्र काही घडलंच नाही अशा थाटात लुकलुकत होता.

इन्व्हर्टर. बाबा यायच्या आधी बसवलेला. वीज गेली तरी लेकीचा पंखा थांबता कामा नये, म्हणून तिनेच हट्टाने लेकीची अख्खी खोली त्यावर घ्यायला लावली होती. बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते आल्यापासून वीज एकदाही गेली नव्हती. मेन बंद झाल्याबरोबर गॅलरीतला तो डबा गुमान कामाला लागला होता.

ओरडायचं नाही. दचकले तर हात पुढेच जाईल.

"बाबा," संध्याकाळी भाजी कुठली करू, असं विचारावं तशा आवाजात ती म्हणाली, "जरा बाहेर या बरं."

"एवढी तार सोडवतो आणि..."

"आधी या. दोन्ही हात मागे घेऊन."

ते थांबले. दोन्ही हात छातीशी घेऊन सावकाश उठले, बाहेर आले. तिने नुसतं बोट दाखवलं. हिरव्या दिव्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन, अंगाने ऊन अडवून, टेस्टरचं टोक त्या उघड्या तारेला लावलं. टेस्टरच्या पोटात लाल ठिपका पेटला.

ते भिंतीला टेकून खाली बसले. तीही जाऊन शेजारी बसली.

"माझीच चूक, बाबा. इन्व्हर्टरचं मला आठवायला हवं होतं."

"भर उन्हात टेस्टरचा दिवा दिसत नाही, हे मी किती जणांना शिकवलंय. तुझी कसली चूक?" त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. पानं हलावीत तशी बोटं हलत होती. "आणि हे. हे तुला दिसत नव्हतं असं नाही."

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटून माणूस मरत नाही, सूनबाई," ते म्हणाले. मग टेस्टर पिशवीत टाकून म्हणाले, "त्या वायरमनचा नंबर काढून ठेव."

वायरमन दुसऱ्या दिवशी आला; तोवर त्या खोलीला बाहेरून कडी होती. चाळिशीचा, अबोल गृहस्थ. बाबा दारात खुर्ची टाकून बसले.

"मेन पाडलास?"

"हो, आजोबा."

"इन्व्हर्टर?"

"तोही बंद केला. त्याची वायरच काढून ठेवलीय."

"टेस्टर चालतो का बघितलास?"

"शेजारच्यांच्या प्लगमध्ये लावून आलो."

बाबा तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "माणूस कामाचा आहे." मग तिच्या कडेवरच्या नातीकडे पाहिलं. "तू बोर्डापाशी जा. खिसा सांभाळ. हिला दे इकडे."

"तुमचे हात टोचतील ना तिला?"

"टोचले तर रडेल. तू आहेसच."

तिने लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती बोर्डाखाली जाऊन उभी राहिली. बाबांचा हात नातीच्या पाठीवर थरथरत होता, आणि ते थोपटणंच आहे असं समजून लेकीने डोळे मिटले.