बुधवार, सकाळचा की दुपारचा

"जरा हळू चाला की हो, बा लाइंग. बुद्धदेव निजलेलेच आहेत, कुठं पळून चाललेत?"

रॉस असं म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला. ऑस्ट्रेलियाचा माणूस, सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांनी अधू, पण तोंडानं तरणा. त्याची बायको ग्लेनिस निजलेल्या बुद्धाच्या तळपायांपाशी उभी राहून त्यावरची एकशेआठ चिन्हं एकेक करून वहीत उतरवत होती. चौदा झाली होती.

बा लाइंगनं घड्याळ बघितलं. नऊ पस्तीस.

तीस वर्षं तो पाहुण्यांना म्यानमारचं यांगॉन शहर दाखवत होता. अर्ध्या दिवसाची फेरी त्याला झोपेतही जमली असती. आठला हॉटेलावरून उचलायचं, सुले पॅगोडा, जुन्या कचेऱ्यांचा रस्ता, चहाचं दुकान, निजलेला बुद्ध, शेवटी श्वेडगॉनचा सोन्याचा पॅगोडा, आणि बाराला परत हॉटेलावर. आज त्यानं चहाचं दुकान गाळलं होतं. जुन्या कचेऱ्या गाडीतूनच दाखवल्या, त्याही अशा की रॉसनं उजवीकडची बघेपर्यंत डावीकडची गेलेली.

कारण बाराच्या ठोक्याला विमानतळावर एजंट पोरींना आत नेणार होता. सोळा पोरी, मलेशियात पेनांगच्या कारखान्यात, तीन वर्षांच्या बोलीवर. त्यातली एक झिन यू. बा लाइंगची एकुलती एक.

तिचं जाणं एक वेळ सोसलं असतं. पण पहाटे त्यानं जे केलं ते सोसवत नव्हतं. इथं लांब जाणारं लेकरू आईबापांपुढं गुडघे टेकतं, हात जोडून तीनदा कपाळ जमिनीला लावतं. बाप बसून ऐकून घेतो, तोंड भरून आशीर्वाद देतो. त्याशिवाय निरोप पुरा होत नाही. पहाटे झिन आंघोळ करून आली, चटईवर बसली आणि म्हणाली, "आफे, बसा ना." बाप उभाच होता. पायात चप्पल सरकवत म्हणाला, "माझी गाडी आलीय."

गाडी आली नव्हती. कोपऱ्यावर जाऊन तो वीस मिनिटं विजेच्या खांबाला टेकून उभा राहिला.

कचेरीनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, बा लाइंग, तुमची पोरगी जातेय, आम्ही दुसरा गाइड लावतो. यानंच हट्टानं फेरी मागून घेतली. साऱ्या जगाला हे शहर दाखवतोय, आणि माझ्या पोरीला ते पुरेना, हे पालुपद तो दोन महिने घरात लावून बसला होता. आता सकाळचं ऊन चढत होतं तसा राग उतरत होता, आणि खाली नुसती भीती उरत होती.

"बाई, चिन्हं पुस्तकात मिळतील," तो ग्लेनिसला म्हणाला. "फोटोसकट."

"पुस्तकात माझं अक्षर नसेल ना," ग्लेनिस म्हणाली आणि पंधरावं काढायला घेतलं.

गाडीत बसल्यावर ड्रायव्हर को हाननं तोंडातलं पान गालात सरकवलं. गाइड लोकांना इथं सगळे सया म्हणतात, म्हणजे गुरुजी. "सया, आज तुम्ही अशी गाडी हाकताय जसा मी बैल आहे. झालंय काय?"

बा लाइंगनं हळू आवाजात सांगितलं. को हाननं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"म्हणजे पोरगी खाली बसली, आणि तुम्ही चालते झालात."

"हं."

"माझा बाप दारुडा होता, सया. पण मी घर सोडलं त्या दिवशी बसला होता."

"गाडी चालव."

श्वेडगॉनला पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. चपला दक्षिणेच्या दारात ठेवल्या, लिफ्टनं वर गेले. संगमरवर तापायला लागला होता. बा लाइंगच्या हिशेबानं पंचवीस मिनिटं पुरेशी होती. साडेदहाला निघालं, पाहुण्यांना वाटेत सोडलं, तर साडेअकराला विमानतळ.

इथं वर आलेला माणूस आपापल्या जन्मवाराच्या कोपऱ्यावर जाऊन तिथल्या मूर्तीवर पाणी घालतो. जितकं वय तितके पेले, वर एक. पाहुण्यांना हे फार आवडतं. बा लाइंगनं खिशातली जुनी पंचांगवही काढून दोघांच्या तारखा बघितल्या. रॉस शनिवारचा निघाला. त्याला नागाच्या कोपऱ्यावर नेलं, त्यानं पाच पेले घालून गुडघा धरला. ग्लेनिस बुधवारची. बा लाइंगनं तिला जवळजवळ ओढतच सुळेवाल्या हत्तीपाशी आणलं आणि भरलेला पेला तिच्या हातात दिला.

बाजूला झाडू मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "सया, बाई सकाळची की दुपारची?"

बा लाइंगचा हात तिथंच थांबला.

तीस वर्षांत हा प्रश्न विचारायला तो कधी चुकला नव्हता. बुधवारी दुपारी बारानंतर जन्मलेल्याचा वार वेगळा, ग्रह वेगळा, कोपरा पार दुसऱ्या टोकाला. तिथंही हत्तीच, पण बिनसुळ्यांचा. यांगॉनातलं शेंबडं पोरही हे विचारल्याशिवाय पाणी घालत नाही.

"काय म्हणतायत त्या?" ग्लेनिसनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

"मला कसं आठवणार? मी फार लहान होते," ग्लेनिस म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "फार फरक पडतो का हो?"

दहा पंचवीस झाले होते. नाही म्हटलं असतं तर पाच मिनिटांत मोकळा. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं. रॉस फोटो काढत होता. कुणाला कळणार होतं?

"पडतो," बा लाइंग म्हणाला. "दुसऱ्याच्या कोपऱ्यावर पाणी घातलं तर आपला कोरडा राहतो."

"मग आईलाच विचारते."

ग्लेनिसची आई ब्याण्णव वर्षांची, तिकडं वृद्धाश्रमात. आधी आजीबाईंना शोधायला नर्स गेली. मग त्यांना ऐकू यायचं यंत्र लावलं. बा लाइंग तापल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. ग्लेनिसनं फोन स्पीकरवर लावला होता, त्यामुळं अर्ध्या देवळानं ऐकलं.

"आई, मी सकाळी जन्मले की दुपारी?"

"आता कशाला विचारतेस? परत जायचंय?"

"सांग ना."

"दुपारी. चांगली दोन वाजता. तुझा बाप नेमका तेव्हा जेवायला गेला. मी त्याला जन्मभर बोलून दाखवलं. शेवटी शेवटी तो म्हणायचा, बाई, जेवलोसुद्धा नव्हतो गं, नुसता बाहेर उभा होतो. आत यायची हिंमत झाली नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीस. जेवलीस का?"

ग्लेनिसनं फोन पिशवीत टाकला. मग नाक पुसून म्हणाली, "चला. दुसरा हत्ती कुठंय?"

दुसरा हत्ती वायव्येला. तिथवर रॉसच्या गुडघ्यांनी दहा मिनिटं लागली.

"पाचसात पेले घातले तरी चालतं," बा लाइंग म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

"गाडीत तुम्हीच म्हणालात, वय आणि वर एक. मी एकोणसत्तरची."

"सत्तर पेले," रॉस म्हणाला. "मी मोजतो."

तिशीपाशी हिशेब चुकला. ग्लेनिस म्हणे तीस झाले, तो म्हणे बत्तीस. नवराबायकोची त्यावरून जुंपली. बा लाइंग हात पाठीशी बांधून उभा होता आणि पाठीमागं बोटं बोटांना पिळत होती. अकरा दहा.

तेवढ्यात को हान धापा टाकत वर आला. "सया, फोन का उचलत नाही? वहिनींनी मला केला. पोरगी सारखी दाराकडं बघतेय म्हणाल्या." मग हा पठ्ठ्या थांबला नाही. त्याला येत असलेल्या चाळीस इंग्रजी शब्दांत त्यानं पाहुण्यांना सगळं सांगून टाकलं. मुलगी, विमान, बारा वाजता, बाप गाढव.

ग्लेनिस वळली. हातातल्या पेल्यातून पाणी तिच्या पायावर सांडत होतं. "सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाहुणे," बा लाइंग म्हणाला.

"अहो, जा. आम्ही काय बाळं आहोत? टॅक्सी करू," रॉस म्हणाला.

बा लाइंग निघाला, चार पावलांवरून परत फिरला. "पांढऱ्या चटईवरूनच चाला, फरशी भाजते. खाली टॅक्सीवाल्याला हॉटेलचं कार्ड दाखवा. आणि बाई, अडतीस राहिलेत. चाळीस नाही."

"तीसच घातले होते ना मी?"

"बत्तीस. मी मोजत होतो."

मग तो पळाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, एका हातात लुंगीचा घोळ. दुसऱ्या दारानं उतरला, त्यामुळं चपला दक्षिणेलाच राहिल्या.

अकरा पंचवीसला गाडी सुटली आणि अकरा चाळीसला लेडानच्या चौकात रुतली. पुढं बस, मागं बस, मधे एक टेम्पो, त्यात कोंबड्या.

"उतरून पळू का?"

"विमानतळापर्यंत? तीन तासांत पोचाल, सया. कोंबड्यांना विचारा, त्यापण थांबल्यात."

अकरा बावन्नला बायकोचा फोन आला. "अहो, कुठवर आलात?"

"लेडान."

लेडानपासून विमानतळ पाऊण तास, हे मा छोला सांगायला नको होतं. मग फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"आफे."

"हं."

"बसलायत का?"

"गाडीत आहे गं."

"ते कळलं. बसलायत ना?"

"बसलोय."

"मग नीट बसा. मी इथंच टेकते."

"अगं, तिथं लोक असतील."

"असू देत. आम्ही सगळ्याच टेकतोय. एजंट बडबडतोय, बडबडू दे."

बा लाइंगनं पट्टा सोडला. अनवाणी पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली, पाठ ताठ केली. फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. को हाननं काच वर केली, इंजिन बंद केलं, तोंडातलं पान पिशवीत टाकलं, आणि स्टिअरिंगवर हात जोडून डोळे मिटून घेतले.

फोनमधून कपडे सळसळले. मग झिनचा आवाज जमिनीजवळून आला, जरा घुसमटलेला. "आफे, माझ्या हातून, तोंडातून, मनातून तुमचं काही दुखलं असेल तर पदरात घ्या."

तीस वर्षं हा माणूस बोलण्यावर जगला. आता त्यानं फोनची ओंजळ तोंडाशी नेली. मागच्या बसवाल्यानं हॉर्न दिला आणि हातच काढला नाही.

"आजार शिवू नये," तो म्हणाला. "कामावरची माणसं भली भेटू देत. हाताला यश येऊ दे. बर्फाचं पाणी पिऊ नकोस, तुझा घसा धरतो. रात्रपाळी असली तर मैत्रिणीला धरून राहा. आईला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल, आईला कर. वाईट वाटलं तर तीन वर्षं थांबायचं म्हणून थांबू नकोस, उठून ये." तो थांबला. "झिन, सकाळी गाडी आली नव्हती. मी खांबाला टेकून उभा होतो."

पलीकडून काही आलं नाही. त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. काच काळी होती.

मागचे सगळे हॉर्न एकदम सुरू झाले. टेम्पो हलला होता. को हाननं डोळे उघडून गाडी चालू केली.

"कुठं तुटला?" बा लाइंगनं विचारलं.

"शेवटी. तुमचं सगळं बोलून झाल्यावर."

"तू बघत होतास?"

"बघत होतो ना. दिवा तेव्हाच विझला." को हान समोर रस्त्याकडं बघत म्हणाला. "खांबसुद्धा पोचला, सया."

बा लाइंगनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि मान हलवली.

पुढं रस्ता मोकळा होता. बारा वाजून गेले, साडेबारा झाले. विमानतळाच्या दाराशी मा छो एकटी उभी होती, पिशवी पोटाशी धरून. को हाननं गाडी तिच्यासमोर लावली, उतरून या बाजूचं दार उघडलं.

"सया, आलं."

बा लाइंग मांडी घालून तसाच ताठ बसला होता. टेकलेलं माणूस उठून उभं राहिल्याशिवाय पुढं बसलेल्यानं हलायचं नसतं. झिन उठलेली त्याला दिसली नव्हती.

"थांब जरा," तो म्हणाला.