हार्डडिस्कवरचा बांध

उमरीच्या बसस्टँडसमोर 'तुळजाई फोटो अँड व्हिडिओ मिक्सिंग' हे दुकान आहे. दुकान दोघा भावांचं. थोरला रामकिशन, धाकटा बजरंग. अर्ध्या तालुक्याच्या नवरानवरीला या दोघांनी पडद्यावर ढगांतून उडवलं, बदामात बसवलं, ताजमहालासमोर उभं केलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढं आयुष्यात मुदखेडपलीकडचं काही बघितलं नाही, पण कॅसेटच्या काळापासून ताजमहाल मात्र घरोघरी आहे.

भावांचं भांडण कशावरून झालं ते त्यांना विचारू नका. दोघं दोन कारणं सांगतात आणि दोन्ही खोटी. खरं कारण म्हणजे रामकिशनचं तोंड. बजरंगनं जीव तोडून काहीही शूट करून आणलं की रामकिशन ते पडद्यावर लावायचा, हनुवटी खाजवायचा आणि म्हणायचा, "कॅमेरा धरता येतो तुला. दिसत काही न्हाई." वर्षानुवर्षं हेच. एखाद्याला रोज सकाळी चहाबरोबर हे वाक्य मिळालं तर तो एक दिवस कप फेकून मारणारच. बजरंगनं मारला.

मग वाटणी निघाली. आता वाटणी म्हटली की मामा लागतो. उदगीरहून रामलिंगमामा आले. मोंढ्यात त्यांची आडत, त्यामुळं जगातल्या कुठल्याही गोष्टीचे दोन वाटे करायला ते एका पायावर तयार. कॅमेरे दोन होते, एकेक गेला. ड्रोन बजरंगला गेला, कारण तो पाडलाही त्यानंच होता. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणारा यूपीएस रामकिशननं मागितला आणि लगेच काखोटीला मारून घरी नेला. राहिला कॉम्प्युटर. तो एकच, आणि सगळं मिक्सिंग त्याच्यावर.

"मधून कापावं का?" मामांनी विचारलं.

म्हणून नांदेडहून जिलानीभाईला बोलावलं. आसपासच्या सगळ्या स्टुडिओंचे कॉम्प्युटर त्याच्याच हातचे. तो म्हणाला, "कापायचं कशाला मामा? आत हार्डडिस्क हाय, सगळी जागा तिच्यात. तिचे दोन वाटे करू. एकात विंडोज टाकतो, एकात लिनक्स. बटण दाबलं की मशीन विचारंल, कुणाकडं जायचं? ज्यानं त्यानं आपलं दार उघडायचं. डुअल बूट म्हणतेत."

"एकूण जागा किती?"

"हजार जीबी."

"हजार?" मामांनी टोपी सरकवली. "अन् बापानं तुमच्या नावावर साडेतीन एकरच ठेवलं होतं की रे!"

"दोघांला बी विंडोजच टाक ना," बजरंग म्हणाला.

"मग ह्याची फाईल त्याला दिसती, त्याची ह्याला दिसती, अन् तुमी खामखा मलाच बोलवताव. वेगळंच बरं. लिनक्स फुकट हाय, मिक्सिंग बी होतं त्याच्यात."

आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं पहिला उचलायचा. रामकिशन रात्रभर विचार करूनच आला होता. त्यानं विंडोजचा वाटा लहान पाडला आणि लिनक्सचा मोठा. धाकट्याची हाव त्याला लहानपणापासून ठाऊक. बजरंगनं आकडे बघितले आणि झटकन मोठ्यावर बोट ठेवलं. रामकिशननं तोंड पाडलं, पण मिशी हसत होती. नवीन सगळं आता धाकट्यानं शिकत बसावं, आपलं ओळखीचं विंडोज आपल्याकडं.

जाताना जिलानीभाईनं ड्रॉवरमध्ये एक पेनड्राईव्ह ठेवला. "काही अडलं तर मला फोन करा. मग हा लावा. पयले फोन." दोघांनी माना डोलावल्या. दोघांच्या लक्षात पेनड्राईव्ह राहिला, फोन नाही.

जेवणापर्यंत मशीन रामकिशनचं, जेवणानंतर बजरंगचं. एकमेकांशी बोलणं बंद. एकजण मशीन बंद करून मागच्या दारानं जायचा, दुसरा पुढच्या दारानं यायचा. घरी मात्र दोघांच्या बायका एकाच चुलीवर स्वयंपाक करत होत्या. वाटणी झालेली त्यांना कुणी सांगितली नव्हती म्हणे.

तर हे असं चाललं असतं. पण मुदखेडच्या दयानंदकाकांनी बजरंगला लग्न दिलं. लेकीचं, ऋतुजाचं. बजरंगचं एकट्याच्या हिमतीवरचं हे पहिलंच लग्न. त्यानं ते असं शूट केलं, की नवरदेवापेक्षा त्यालाच जास्त घाम आला. त्याच्या डोक्यात एकच होतं. हे मिक्सिंग झालं की दादाला समोरच्या खुर्चीत बसवायचं, लावायचं, आणि पडद्याकडं न बघता दादाच्या तोंडाकडं बघायचं. बास. दुसरं काही नको होतं त्याला. ड्रोनही परत घे म्हणाला असता.

मिक्सिंग निम्म्यावर आलं आणि जागा संपली. एवढा मोठा वाटा, संपला कसा? बजरंगला वाटलं, हे लिनक्सच मुलखाचं खादाड असणार. लिनक्स बिचारं काय खाणार! त्यानं ड्रॉवरमधला पेनड्राईव्ह लावला. पडद्यावर दोन रंगांचे दोन पट्टे आले. डावा दादाचा, उजवा त्याचा, आणि मध्ये एक बारीक रेघ. माऊसनं धरून ओढली तर सरकणारी.

माऊसनं सरकणारा बांध! आमच्याकडच्या माणसाला असलं दाखवूच नये. आमचे बाप दरसाल नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाचं एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, हळूच आपल्यात घेतात. शेजारी पुढच्या साली दोन तास परत घेतो. त्यात नांगर लागतो, बैल लागतात, कुणी बघतंय का ते बघावं लागतं. इथं खुर्चीत बसून चहा पीत पीत बांध कोरायचा. बजरंगनं रेघ थोडी डावीकडं ओढली. काम व्हायला तासभर लागला, पण झालं. दादाच्या फायलींना धक्का लागला नाही, फक्त त्याचं मोकळं रान जरा आवळलं.

आठवड्यानं बघतो तर जागा पुन्हा कमी. "लई खातंय राव हे," म्हणून त्यानं पुन्हा ओढली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. आता खाणारा कोण होता हे तुम्हाला कळलं असेल. बजरंगला नव्हतं कळलं. चोराला दुसऱ्याचा संशय येत नाही, तो आपल्याच नादात असतो.

त्या दिवशी ऋतुजाचं मिक्सिंग पुरं झालं होतं. आता सगळी एक मोठी फाईल करायची होती आणि तिला जागा पाहिजे होती. कॅमेऱ्याची कार्डं कधीच रिकामी करून पुढच्या लग्नासाठी ठेवली होती. म्हणजे ऋतुजाचं अख्खं लग्न, हळदीपासून पाठवणीपर्यंत, जगात फक्त या एका डब्यात होतं. दयानंदकाकांचा सकाळीच फोन येऊन गेला होता, "बजरंग, कवा देतूस बाबा?" बजरंगनं रेघ धरली आणि या वेळी चांगली लांब ओढली. काम चालू आहे, मशीन बंद करू नका, असं पडद्यावर आलं. त्यानं चहा सांगितला.

चहा आला आणि पंखा थांबला.

चौकातल्या डीपीत फाट्दिशी आवाज झाला आणि सगळ्या बाजारपेठेची लाईट गेली. यूपीएस घरी दादाच्या खोलीत होता. त्याच्यावर तारामतीवहिनींची मालिका निर्विघ्न चालू होती.

लाईट आल्यावर बजरंगनं बटण दाबलं. विंडोज नाही, लिनक्स नाही. कुणाकडं जायचं म्हणून मशीननं विचारलंसुद्धा नाही. काळा पडदा, एक इंग्रजी ओळ आणि लुकलुकणारी एक रेघ. त्यानं मशीन बंद केलं, दुकानाला कुलूप लावलं आणि घरी जाऊन पडला. दयानंदकाकांना काय सांगायचं? लेकीचं लग्न पुन्हा लावा म्हणून? आणि दादाला? "तुला दिसत काही न्हाई" म्हणणाऱ्याला आता दाखवायला खरंच काही राहिलं नव्हतं. उशीत तोंड घालून तो रडला. बायकोला म्हणाला, सर्दी झाली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तो जीव मुठीत धरून दुकानात गेला. कधी नव्हे ते रामकिशन मागच्या दारानं गेला नव्हता. खुर्चीत बसला होता, आणि तोंड असं उतरलेलं, की जणू तेराव्यातूनच उठून आलाय.

"दादा," बजरंग म्हणाला. किती तरी महिन्यांनी म्हणाला. "माझ्या हातून चूक झाली. जागा पुरंना म्हणून मी तुझ्याकडला बांध सरकवून राहिलो होतो. काल मधीच लाईट गेली."

रामकिशननं वर बघितलं. "तू बी?"

"तू बी म्हंजे?" बजरंगचा आवाज चढला. "म्हंजे लिनक्स खात नव्हतं तर!"

"मला वाटलं विंडोज खाऊन राहिलंय," रामकिशन म्हणाला. मग खाली मान घालून त्यानं बाकीचंही सांगितलं. सकाळी काळा पडदा दिसला. आदल्या सकाळी बांध त्यानंही ओढला होता, म्हणून हे आपलंच पाप असं त्याला वाटलं. धाकट्याला कळायच्या आत निस्तरावं म्हणून त्यानं पेनड्राईव्ह लावला आणि जे विचारलं जाईल त्याला हो, हो, पुढं, पुढं करत गेला. त्यात एका ठिकाणी 'सगळी डिस्क पुसायची का' असंही विचारलं होतं. तिथंही तो हो म्हणाला.

"सगळी?"

"सगळी. माझी पाच लग्नं, तुझं एक."

मग मात्र दोघांना फोन आठवला.

जिलानीभाई संध्याकाळच्या गाडीनं आला आणि आधी अर्धा तास नुसता बोलला. त्यातलं छापण्यासारखं फार थोडं आहे. "पयले फोन म्हणलो होतो का न्हाई? भावाभावांनी मिळून घर जाळलं अन् आता इचारतेत, धूर कशाचा!" मग त्यानं आपली रिकामी डिस्क जोडली. "पुसलं म्हणजे सगळं गेलं न्हाई. बरंचसं निघंल. पण नावं निघणार न्हाईत, तारखा निघणार न्हाईत. कुणाचं काय ते तुमचं तुमी बघा."

निघालं. काही फुटलं, काही अर्धवट आलं, पण बरंच निघालं. सहा लग्नांचे हजारो तुकडे, नुसते आकडे लावलेले, एका ढिगात. ते निवडायला दोघांना एकाच बाकावर बसावं लागलं. दोन फोल्डर केले, एक रामकिशनचा, एक बजरंगचा, आणि दोघं डोळे फोडून बघायला लागले.

"ही हळद कुणाची?"

"तुझी."

"माझ्यातली नवरी एवढी हसत नव्हती."

नवरदेव तर ओळखूच येईनात. सगळ्यांचे फेटे तेच, शेरवानी तीच, चेहऱ्यावरची भीतीही तीच. शेवटी डीजेच्या नावावरून आणि मांडवाच्या झालरीवरून लग्नं लावत गेले. एका वरमाईला तर रामकिशननं तिच्या रुसण्यावरून ओळखलं. वहिनींनी एकच डबा पाठवला, दोघांनी मिळून खाल्ला. आवाज बंदच ठेवला होता, कारण सहा डीजे ऐकायची ताकद कुणात नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक तुकडा लागला. मांडव रिकामा होत आलेला. पंगत उठून गेलेली, उष्ट्या पत्रावळ्या तशाच. एक धोतर नेसलेला माणूस वरणाची बादली घेऊन ओळीनं चाललाय आणि प्रत्येक रिकाम्या पत्रावळीवर वाकून वरण वाढतोय. समोर कुणी बसलेलं नाही. तरी वाकतो, वाढतो, पुढं जातो. कॅमेरा जमिनीलगत होता, त्यामुळं माणसाचं तोंड दिसत नव्हतं, नुसता वाढणारा हात दिसत होता. बाईचा हात बांगड्यांवरून तरी ओळखता येतो, नुसत्या हातावरून बाप्या ओळखायचा म्हणजे अवघड काम.

रामकिशननं तो तुकडा पुन्हा एकदा लावला. हनुवटी मात्र खाजवली नाही. मग त्यानं हळूच माऊस घेतला आणि तो तुकडा आपल्या फोल्डरात ओढला.

"हे माझं हाय," बजरंग म्हणाला.

"तुझं कसं? धर्माबादच्या लग्नातलं हाय. मीच घेतलो."

"दादा, माझं हाय."

"असलं घ्यायला नजर लागती बजरंग. मला आठवतंय ना, खाली बसून घेतलो होतो."

बजरंगनं आवाज सुरू केला. पत्रावळ्यांची सळसळ, लांब कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज. तो माणूस शेवटच्या पत्रावळीपाशी आला, वाकला, आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "दयानंदकाका, ऋतुजाची गाडी गेली हो. चला." आवाज बजरंगचा होता. आणि रडवेला होता.

बजरंगनं तुकडा परत आपल्या फोल्डरात ओढला. इतके दिवस दादाच्या ज्या तोंडासाठी जीव टाकला ते समोर होतं, पण हवं ते काही म्हणत नव्हतं.

"दादा, एकदा तरी म्हण की चांगलंय," तो म्हणाला. मागायचं नाही असं ठरवलेलं, पण मागितलंच.

रामकिशननं उपरण्यानं नाक पुसलं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "चांगलं नसतं तर चोरलो असतो का, येड्या?"